‘अकस्मात’ या शब्दाची चौकशी

अमळनेरहून निघालेली गाडी दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, व्यारा, बारडोली अशी स्थानके मागे टाकीत सुरतेस पोहोचते, तेव्हा खानदेशी माणसाला आपण परमुलखात आलो असे फारसे वाटत नाही. कारण ज्या तापीच्या खोऱ्यात त्याचे वाडवडील नांदले, जिला आमच्या बोरी नदीचेही पाणी जाऊन मिळते, तीच तापी येथे समुद्राच्या भेटीस निघालेली असते, आणि पोटापाण्यासाठी घर सोडलेली आमच्याकडची माणसेही तिच्याच उताराने वर्षानुवर्षे या शहरात येऊन स्थिरावलेली आहेत. माझी धाकटी बहीण कतारगामात राहते. एके काळी हे कोटाबाहेरचे, पापडीच्या मळ्यांचे खेडे होते. उंधियूसाठी सुरतकर आजही कतारगामची पापडी म्हणून नाव घेऊन मागतात, आणि जुन्या शहराच्या तटाचा एक दरवाजा याच गावाच्या नावाने ओळखला जातो. आता मळ्यांच्या जागी हिऱ्यांचे कारखाने आहेत, वरच्या मजल्यांवर बिऱ्हाडे आहेत, आणि खालच्या गाळ्यांत भरतकामाची यंत्रे रात्रंदिवस चालतात. माझे मेहुणे यांपैकीच एका कारखान्यात घंटीवर, म्हणजे फिरत्या चाकापाशी, बसून हिऱ्याला पैलू पाडतात.

गेल्या मे महिन्यात मी त्यांच्याकडे पंधरा दिवस होतो. माझा भाचा नुकताच बारावीची परीक्षा देऊन मोकळा झाला होता, आणि दोन वर्षे साठवलेल्या पैशांतून, एकेक सुटा भाग आणून, त्याने स्वतःच्या हातांनी जुळवलेला संगणक ही त्या दोन खोल्यांच्या घरातील सर्वांत मौल्यवान, आणि त्याच्या दृष्टीने सर्वांत प्रिय, अशी चीजवस्तू होती. त्यावर तो खेळ खेळत असे. खेळातील दृश्य हे वस्तुतः वाहते नसते. यंत्र एकामागून एक स्थिर चित्रे काढीत जाते, आणि ती पुरेशा वेगाने आली म्हणजे आपल्या डोळ्यांना ती अखंड गती वाटते. त्याचे यंत्र एका सेकंदात सुमारे ९० चित्रे काढी, म्हणजे एका चित्राला सेकंदाचा एक शतांश किंवा किंचित अधिक इतकाच अवकाश लागे. ती संख्या एके दिवशी २० वर आली. धावणारा योद्धा अडखळू लागला, वळलेली मान वळता वळता थबकू लागली, आणि पोराचा चेहरा असा उतरला की घरात आजारपण आले आहे असे परक्याला वाटावे. “मामा, मी काहीच केलं नाही. अचानक झालं,” असे तो मला म्हणाला. ‘अचानक’ हा त्याच्या पिढीचा शब्द. माझ्या पिढीचा शब्द ‘अकस्मात’. या शब्दाने मला त्या पंधरा दिवसांत सोडले नाही, आणि मुलाच्या खेळाची हकीकत सांगण्याचे निमित्त करून मला खरोखर त्याच्याविषयीच लिहावयाचे आहे.

‘अकस्मात्’ म्हणजे अ-कस्मात्: कशापासूनही नाही. जे घडले त्याला ‘कशामुळे?’ हा प्रश्नच लागू नाही, असा या शब्दाचा अक्षरार्थ आहे, आणि अशी भूमिका गंभीरपणे मांडणारे लोक आपल्याकडे होऊन गेले. गौतमाच्या न्यायसूत्रांच्या चौथ्या अध्यायात त्यांचा पूर्वपक्ष नोंदलेला आहे: काट्याचे टोक कोणी तासले आहे? ते जसे निमित्तावाचून तीक्ष्ण असते, तशाच जगातील साऱ्या वस्तू निमित्तावाचून उत्पन्न होतात. दहाव्या शतकातील मैथिल नैयायिक उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’च्या प्रारंभीच या मताशी झुंज घेतली आहे, कारण अकस्मात काही घडू शकते हे एकदा मान्य केले तर पुढे ईश्वराचे अनुमान करण्यास त्यांना भूमीच उरत नव्हती. त्यांच्या युक्तिवादातील मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग मात्र ईश्वर मानणाऱ्यालाही आणि न मानणाऱ्यालाही सारखाच उपयोगी आहे. ते म्हणतात, ज्याला कारण नाही ते एक तर सदैव असले पाहिजे किंवा कधीच नसले पाहिजे. जे कधी असते आणि कधी नसते, त्याने कोणाची तरी वाट पाहिलेली असते. या ‘कधीतरी असण्या’ला शास्त्रात कादाचित्कत्व असे जड नाव आहे. आपण सामान्य माणसे ज्या लहरीपणावरून ‘याला काही कारणच दिसत नाही’ असे म्हणतो, तोच लहरीपणा उदयनांच्या मते कारण असल्याचा पुरावा आहे. जे यंत्र काल चालले आणि आज अडखळले, त्याचे ‘काल’ आणि ‘आज’ यांतील अंतर हीच चौकशीची पहिली जबानी होय.

येथे मला आपल्या सरकारी दप्तरातील एका प्रघाताचा उल्लेख करावासा वाटतो. एखाद्या मनुष्याचा देह विहिरीत किंवा रस्त्याकडेला सापडला आणि मृत्यूचे कारण उघड नसले, म्हणजे आपल्या पोलिसठाण्यात ‘अकस्मात मृत्यू’ अशी नोंद होते. शब्दार्थाने पाहिले तर या नोंदीनंतर दप्तर मिटले पाहिजे, कारण अ-कस्मात् जे घडले त्याची तहकिकात ती काय करावयाची? परंतु घडते ते नेमके उलट. ती नोंद झाली की पंचनामा होतो, शवविच्छेदन होते, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जबान्या होतात. न्यायशास्त्राचे एक अक्षर न वाचलेल्या कारकुनांनी या शब्दाला जो अर्थ दिला आहे तो मला व्युत्पत्तीहून अधिक प्रामाणिक वाटतो: ‘कारण नाही’ असा त्याचा अर्थ नसून ‘कारण अद्याप आम्हांस ठाऊक नाही’ असा आहे. तो जाणत्याच्या स्थितीविषयीचा शब्द आहे, वस्तूच्या स्थितीविषयीचा नव्हे.

घरात मात्र चौकशीपूर्वीच तीन फैसले झाले होते. मेहुण्यांचा पहिला प्रश्न “काय डाऊनलोड केलंस?” असा होता, आणि त्यात उत्तराची अपेक्षा नव्हती, आरोपी समोर उभा होता. यंत्र बिघडले, दूध नासले, चाव्या हरवल्या, की ‘कशाने झाले?’ याच्या आधी ‘कोणी केले?’ हे आमच्या तोंडून निघते, आणि एकदा एक नाव हाती लागले की कारणाची भूक तेवढ्याने शमते. दुसरा फैसला शेजारच्या जाणत्या मुलाचा. आदल्याच आठवड्यात ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर नवा चढवला होता, तेव्हा दोष त्याचाच. हा फैसला आधुनिक भाषेत होता म्हणून तो शास्त्रीय वाटला. पण कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, या आपल्या म्हणीत ज्या चुकीचे वर्णन आहे, तीच ही चूक. नैयायिकांनी कारणाची व्याख्या करताना नुसते ‘आधी असणे’ पुरेसे मानले नाही. ते नियमाने आधी असले पाहिजे, आणि शिवाय त्याच्यावाचून भागण्यासारखे नसले पाहिजे. मडक्यासाठी माती वाहून आणणारे कुंभाराचे गाढव मडक्याच्या आधी हजर असते, तरी ते मडक्याचे कारण नव्हे, कारण माती बैलगाडीतूनही आली असती. भाच्याने जुना ड्रायव्हर परत चढवून पाहिला. संख्या २० च राहिली. गाढव निर्दोष सुटले.

तिसरा फैसला माझ्या बहिणीचा. “इतक्या पोरांनी येऊन पाहिलं, नजर लागली,” असे म्हणून तिने शनिवारी त्या पेटीवर लिंबू-मिरची बांधली. मी तिला काही बोललो नाही, आणि ते केवळ पाहुणेपणाचे सौजन्य नव्हते. नजर मानणारा मनुष्य चुकत असेल, पण तो अकस्माताच्या पक्षाचा नाही. झाले त्याला काहीतरी कारण आहेच, हे तो धरून चालतो. वैशेषिकांनी लोहचुंबकाकडे सुई का सरकते, अग्नीची ज्वाला वरच का जाते, याचे कारण ‘अदृष्ट’ असे दिले, आणि त्यांची थट्टा करणे आज सोपे आहे. पण ‘अदृष्ट’ म्हणजे न दिसलेले, एवढेच तो शब्द म्हणतो, आणि दिसू लागेपर्यंत जागा मोकळी न ठेवता तेथे एक नाव लिहून ठेवतो. चुंबकाची हकीकत पुढे कळली, ज्वालेचीही कळली, आणि अदृष्टाचा मुलूख तेवढा आकसला. लिंबू-मिरची बांधून जो शोध थांबवतो त्याच्यासाठीच ती घातक आहे. माझ्या बहिणीने ती बांधली आणि रात्री नवऱ्याला पुन्हा विचारले, “बघा ना एकदा काय झालंय ते.”

तेव्हा मेहुण्यांनी जे केले ते मी विसरणार नाही. दिवसभर घंटीवर वाकून बसलेला तो मनुष्य जेवण झाल्यावर मुलाच्या मागे उभा राहिला, आणि सकाळच्या सरबत्तीतील एकही शब्द न उच्चारता त्याने विचारले, “चालू केल्यावर किती वेळानं मंद पडतं?”

“नऊ-दहा मिनिटांनी.”

“आणि बंद ठेवून थोड्या वेळानं परत लावलं तर?”

“परत पहिली दहा मिनिटं नीट.”

“मग ते तापतंय.”

फिरत्या चाकावर दाबून धरलेला हिरा तापतो. म्हणून कारागीर तो घडोघडी उचलतो, भिंगातून पाहतो आणि पुन्हा टेकवतो. उष्णता वाहून नेण्याच्या बाबतीत हिरा तांब्याहून सुमारे पाचपट सरस आहे, आणि खरा हिरा व काचेचा खडा यांतील भेद ओळखणारी लेखणीसारखी उपकरणे याच गुणावर चालतात. सारांश, ज्याने आयुष्य उष्णतेच्या सहवासात काढले होते त्याला वेळेचा प्रश्न सुचला. ‘कोणी?’ सोडून ‘केव्हा?’ विचारता येणे, हा माझ्या मते बुद्धीचा फार मोठा संस्कार आहे. आणि तो ग्रंथांतून येतो त्याहून अधिक हाताच्या कामातून येतो, हे अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिराच्या सावलीत वाढलेल्या माझ्यासारख्याने कबूल केले पाहिजे.

पुढची तपासणी भाच्याने स्वतः केली, आणि ती अन्वय-व्यतिरेकाचा उत्तम पाठ होती. अमुक असता तमुक असणे हा अन्वय. अमुक नसता तमुक नसणे हा व्यतिरेक. त्याने खेळातील चित्रांचा तपशील आणि आकार कमी करून पाहिला. तरी संख्या वाढली नाही. याचा अर्थ चित्रे रंगवणाऱ्या ग्राफिक्स कार्डावर ओझे पडलेले नव्हते, तर त्याला कामे वाटून देणाऱ्या प्रोसेसरचेच पाऊल अडत होते. मग त्याने प्रोसेसरच्या तापमानाचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात लावला. दहाव्या मिनिटाला तो १०० अंशांना टेकला, आणि त्याच क्षणी प्रोसेसरने आपला वेग निम्म्याहून खाली आणला. ही बिघाडाची खूण नव्हे. जळून जाण्यापेक्षा मंद चालावे, अशी सोय त्याच्या घडणीतच केलेली असते. ज्याला आम्ही चार दिवस दोष म्हणून दूषणे देत होतो, ते त्या यंत्राचे आत्मरक्षण होते. पेटीची बाजूची झडप काढून घरातील पंखा समोर ठेवला, तर तासभर संख्या ढळली नाही. व्यतिरेक मिळाला.

पण उष्णता तरी का साठली? येथे गोष्ट एका कारणात संपत नाही. पेटी उघडली तेव्हा प्रोसेसरवरील पंख्याच्या पात्यांमागे आणि धातूच्या पट्ट्यांमध्ये करड्या नमद्यासारखा एक थर बसलेला दिसला: खालच्या गाळ्यांतील भरतकामाच्या यंत्रांचा बारीक तंतू, दोन वर्षे श्वासाबरोबर आत ओढलेला. प्रोसेसर आणि पट्ट्या यांच्यामध्ये उष्णता पोहोचवणारा जो लेप असतो तो सुकून तडकला होता. बाहेर मे महिन्याची सुरतेची दमट काहिली होती. आणि पेटीची पाठ भिंतीला चिकटून होती, त्यामुळे मागून बाहेर पडणाऱ्या गरम हवेला वाटच नव्हती. मुलाने एका वेळी एकच गोष्ट बदलली. पेटी वीतभर पुढे ओढली, तर मंदी दहाव्याऐवजी पंचविसाव्या मिनिटाला आली. तंतू काढला, तर ती क्वचितच येऊ लागली. नवा लेप लावला, तेव्हा तापमान ८४ अंशांवर स्थिर राहिले आणि ९० चित्रे परत आली. यांपैकी कोणतेही एक कारण एकट्याने पुरेसे नव्हते, आणि कोणतेही एक निरपराध नव्हते. न्यायशास्त्रात या समुच्चयाला ‘सामग्री’ म्हणतात. आपण तोच शब्द पूजेच्या ताटासाठी वापरतो, आणि तेथेही त्याचा अर्थ हाच असतो: ताटात एक वस्तू कमी असली तर पूजा अडते, पण म्हणून केवळ हळद म्हणजे पूजा नव्हे.

आता मला या हकीकतीतील जो भाग सर्वांत अधिक लागला तो सांगतो. पेटी भिंतीला का चिकटली होती? मी येणार म्हणून. माझ्या खाटेसाठी जागा व्हावी, या हेतूने बहिणीने मी येण्याच्या आदल्या संध्याकाळी ती कोपऱ्यात सरकवली होती. चार दिवस आम्ही ‘काय बदलले?’ याचा शोध घेत होतो, आणि घरात बदललेली सर्वांत मोठी गोष्ट त्या खाटेवर बसून न्यायसूत्रांचा विचार करीत होती. कोणाच्याही मनात ते आले नाही असे मला वाटत नाही. मुलाला ते सुचले असावे आणि मामाविषयीच्या आदराने त्याने ते ओठांवर येऊ दिले नसावे. म्हणजे त्या सामग्रीत तंतू होता, उन्हाळा होता, आणि माझ्या बहिणीची मायाही होती. तिला आपण कारण म्हणू. अपराध म्हणणार आहोत काय?

कर्मसिद्धान्ताविषयी मला जी जुनी अस्वस्थता आहे ती नेमकी येथे येऊन भिडते. जगात काहीही अकस्मात घडत नाही, हे तत्त्व मी मनापासून मानतो. पण त्याच्या पाठोपाठ, जणू तोच त्याचा अर्थ असल्याप्रमाणे, दुसरे एक विधान आत शिरते: ज्याच्यावर संकट आले, कारण त्याच्यातच असले पाहिजे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेले सुमारे ९ लक्ष क्युसेक पाणी तापीतून आले आणि सुरतेचा बहुतेक भाग बुडाला. वरच्या खोऱ्यातील पाऊस, धरणातील साठा, पाणी सोडण्याची वेळ, खाडीची भरती, पात्राशी येऊन टेकलेली वस्ती अशा कितीतरी कारणांची चर्चा तेव्हा झाली. २००८ च्या दिवाळीच्या सुटीसाठी मिटलेले कित्येक हिऱ्यांचे कारखाने नंतर उघडलेच नाहीत, कारण समुद्रापलीकडच्या बाजारात पैसा आटला होता. सौराष्ट्रातून आलेली हजारो कारागीर कुटुंबे आपल्या गावी परतली. मेहुणे सांगतात की त्या काळात ‘नशीब’ हा शब्द जितका ऐकू आला तितका एरवी कधी आला नाही, आणि तो सांत्वन म्हणून उच्चारला जाई, पण ऐकणाऱ्याला तो निकालपत्रासारखा लागे. ज्याने रोज दहा तास घंटीवर मान मोडली त्याला ‘तुझे प्रारब्ध’ असे सांगणे म्हणजे, माझ्या भाच्याला ‘तूच काहीतरी केलेस’ असे सांगण्यासारखेच आहे; फक्त आरोपाची तारीख मागच्या जन्मात नेलेली असते, जेथे कोणाचीही साक्ष काढता येत नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे मोजली आहेत: अधिष्ठान, कर्ता, नाना प्रकारची साधने, निरनिराळे व्यापार, आणि पाचवे दैव. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि अमळनेरच्या साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, तेव्हापासून खानदेशात हा ग्रंथ घराघरांत आहे. पण या मोजणीचा क्रम आमच्या वागण्यात उतरलेला मला दिसत नाही. कर्ता हा पाचांतील एक आहे, आणि केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याला तेथे दृष्टिहीन म्हटले आहे. दैव पाचवे आहे. आधीचे चार मोजून झाल्यावर जे उरते त्याचे ते नाव आहे, आणि आम्ही ते पहिले उच्चारतो. देहाचे, जागेचे, साधनांचे, हवेच्या वाटेचे परीक्षण न करता दैवाचे नाव घेणे ही श्रद्धा नसून आळस आहे, असे मी म्हणालो तर ते कठोर वाटेल; पण गीतेला प्रमाण मानणाऱ्यानेच हे म्हटले पाहिजे.

प्रताप शेठजींनी १९१६ साली अमळनेरास स्थापन केलेल्या तत्त्वज्ञान मंदिरात मलकानी, रासबिहारी दास आणि मूर्ती या तीन विद्वानांनी मिळून ‘अज्ञान’ या एकाच विषयावर एक ग्रंथ लिहिला. तो १९३३ साली प्रसिद्ध झाला. अज्ञान म्हणजे केवळ ज्ञानाचा अभाव, की ते वेदान्ती म्हणतात तसे भावरूप आवरण, हा त्यातील मुख्य वाद. तरुणपणी मला तो वाद शब्दांचा वाटे. कतारगामच्या त्या खोलीत मला वेदान्त्यांचे म्हणणे डोळ्यांनी दिसले: आमच्याजवळ ज्ञान नव्हते असे नाही, तर ‘पोराने केले’, ‘ड्रायव्हरने केले’, ‘नजरेने केले’ अशी भक्कम, विणलेली, उबदार उत्तरे आमच्याजवळ होती, आणि त्या तंतूंच्या थरामागे हवा कोंडली होती.

मी निघण्याच्या आदल्या रात्री माझी खाट गॅलरीत नेली होती. आत मुलगा खेळत होता, मेहुणे घोरत होते, खाली भरतकामाची यंत्रे चालू होती. साडेअकराच्या सुमारास त्याची हाक आली म्हणून मी आत गेलो. संख्या क्षणभर ४० वर उतरून पुन्हा ९० झाली होती. तापमान ८३ होते, पेटी भिंतीपासून वीतभर दूर होती, पंखा स्वच्छ होता. त्याने खेळ थांबवला, दप्तरातून गणिताची जुनी वही काढली, शेवटच्या पानावर रेघा ओढून तारीख, वेळ, तापमान आणि त्या वेळी चालू असलेल्या कार्यक्रमांची नावे लिहिली, आणि शेवटचा रकाना कोरा ठेवून वही पेटीवरच, लिंबू-मिरचीच्या शेजारी ठेवली.